‘हे कोणी पाहिलं?’ : लीळाचरित्र हा आठवणींचा ग्रंथ कसा तयार झाला

एक ससा जिवाच्या आकांताने पळतोय. मागे पारध्यांची कुत्री. रानात एका झाडाखाली एक माणूस एकटाच बसलाय. ससा धावत येतो आणि त्याच्या मांडीखाली शिरतो. पारधी येतात, आमचं सावज द्या म्हणतात. तो त्यांनाच विचारतो, इथे शरण आलेल्याला मरण असतं का? थोडं बोलणं होतं, पारधी निघून जातात. मग तो गुडघा उचलतो आणि सशाला म्हणतो, ‘महात्मे हो, आता जाए.’

गोष्ट एवढीच. सशाला ‘महात्मे हो’ म्हणणारा तो माणूस म्हणजे श्रीचक्रधरस्वामी, महानुभाव पंथाचे संस्थापक, तेराव्या शतकातले. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा करुणा, अहिंसा वगैरे सगळं जाणवलंच, पण डोक्यात एक रोखठोक शंका आली. झाडाखाली स्वामी एकटे होते. पारधी काही लिहायला बसले नसणार. मग हे पाहिलं कोणी?

गंमत म्हणजे हीच शंका सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभट नावाच्या एका शास्त्र्याला पडली होती, एकेका प्रसंगाबद्दल पडली होती, आणि तिचा पिच्छा पुरवता पुरवता त्याने मराठीतला आज उपलब्ध असलेला पहिला मोठा गद्य ग्रंथ लिहून काढला. तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र.

‘आद्य मराठी गद्यग्रंथ’ हे बिरूद आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं असतं. त्यापुढे बहुतेकांची गाडी जात नाही. ग्रंथ उघडावा तर भाषा जुनी, आणि भाषा थोडी कळायला लागली की दुसरा धक्का बसतो. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण पानोपानी काय, तर स्वामी अमुक गावी गेले, अमुक देवळात उतरले, जेवले, विडा घेतला, झोपले, उठले. ‘आरोगण : गुळुळा : विडा : पहुड : उपहुड.’ आरोगण म्हणजे जेवण, गुळुळा म्हणजे चूळ, पहुड म्हणजे झोप आणि उपहुड म्हणजे उठणं. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात स्वामींनी चूळ कधी भरली हे कशाला सांगायचं?

या प्रश्नाचं उत्तर कळलं की अख्खा ग्रंथ कळायला लागतो, म्हणून आधी तेच पाहू.

चक्रधरांच्या विचारात चार पदार्थ आहेत, म्हणजे विश्वातल्या चार मूळ गोष्टी : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. चारही वेगवेगळ्या आणि कायमच्या. अद्वैतात जीव आणि ब्रह्म शेवटी एकच निघतात, तसं इथे होत नाही. जीव हा जीवच राहतो. देवता पुष्कळ आहेत, त्यांची भक्ती केली तर फळही मिळतं, पण ते संपणारं. बँकेतली ठेव मोडून खाल्ल्यासारखं. जन्ममरणातून सोडवण्याचं सामर्थ्य फक्त परमेश्वरात, आणि तो जिवांसाठी माणसाचं रूप घेऊन येतो. महानुभाव असे पाच अवतार मानतात, त्यांना पंचकृष्ण म्हणतात : श्रीकृष्ण, दत्तात्रेय, द्वारावतीचे चक्रपाणी म्हणजेच चांगदेव राऊळ, रिद्धपूरचे गोविंदप्रभू आणि स्वतः चक्रधर.

आता जरा शिष्यांच्या जागी उभं राहून बघा. तुमची श्रद्धा अशी की परमेश्वर माणसाच्या रूपात आला, तुमच्यासमोर बसला, तुमच्या हातचं जेवला. या सहवासाला पंथात ‘सन्निधान’ म्हणतात. मग एक दिवस तो निघून जातो. उरतं ते ‘असन्निधान’. आता करायचं काय? मूर्तिपूजा हे मुख्य साधन नाही, यज्ञयाग नाहीत, देवतांकडे वळायचं नाही. चक्रधरांनी सांगून ठेवलेलं उत्तर आहे स्मरण. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचं स्मरण. लीळा म्हणजे परमेश्वराने केलेली कुठलीही कृती आणि चेष्टा म्हणजे त्याच्या देहाच्या हालचाली. अशा कृतींमध्ये थोर काय आणि किरकोळ काय, हे जिवाने ठरवायचं नाही. सशाला वाचवलं ही लीळा, तशी चूळ भरली हीही लीळाच.

म्हणजे हे चरित्र वाचून बाजूला ठेवण्यासाठी लिहिलेलंच नाही. ते साधनेचं साहित्य आहे. आणि स्मरण हीच साधना असेल तर चुकीचं आठवून चालणार नाही. लीळाचरित्राच्या काटेकोरपणाचं मूळ मला इथे दिसतं. आपण त्याला आज इतिहासदृष्टी वगैरे म्हणतो, पण म्हाइंभटांच्या मनात असली तर भक्तीच असणार. ती भक्ती इतकी चोख होती की इतिहासाचं काम आपोआप झालं.

चक्रधरांचं आयुष्य थोडक्यात असं. परंपरा सांगते की ते मूळचे गुजरातेतल्या भडोचचे, प्रधानाचे पुत्र, नाव हरिपाळ. द्यूताचा नाद होता. रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून घर सोडलं, वाटेत विदर्भातल्या ऋद्धिपुरात, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, गोविंदप्रभू भेटले आणि पुढचं आयुष्यच बदललं. बरीच वर्षं एकट्याने भटकंती केली. नंतर पैठणला नागुबाई उर्फ बाइसा भेटल्या, शिष्यमंडळ जमू लागलं, आणि गोदावरीच्या दोन्ही काठांनी गावोगाव फिरणं चालू राहिलं. जेमतेम सातआठ वर्षांचा हा काळ. 1274 च्या सुमारास ते ‘उत्तरापंथे’ गेले. महानुभाव त्यांच्या बाबतीत मृत्यूची भाषा करत नाहीत.

त्यानंतर शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे गेले. हे गोविंदप्रभू म्हणजे विलक्षणच प्रकरण. पोरांत पोर होऊन खेळायचे, कुणाच्याही घरात शिरायचे, हाताला लागेल ते खायचे, चिडले की ‘मेला जाए!’ म्हणायचे. त्यांनी जातपात कधी पाहिली नाही. गाव त्यांना ‘राउळ माए, राउळ बापु’ म्हणायचं. शिष्यांचे पुढारी होते नागदेवाचार्य, ज्यांना सगळे भटोबास म्हणत. आणि या मंडळींतच होते सराळ्याचे म्हाइंभट. व्युत्पन्न पंडित. चक्रधरांशी वाद घालायला आलेले आणि तिथलेच होऊन राहिलेले.

ग्रंथ सुरू कसा झाला त्याचीही आठवण पंथाने जपली आहे. भटोबास एकांतात बसलेले असायचे. म्हाइंभटांनी विचारलं, तुम्ही काय करता? ते म्हणाले, स्वामींच्या लीळा आठवतो. म्हाइंभटांच्या मनात आलं की आज भटोबास आहेत, महदाइसांसारख्या शिष्या आहेत, उद्या ही माणसं नसतील. मग सांगणं आणि लिहून घेणं सुरू झालं. रिद्धपुरातलं वाजेश्वरीचं ठिकाण आजही लीळाचरित्राचं लेखनस्थान म्हणून दाखवतात. काळ 1278 च्या आसपासचा धरतात, काही अभ्यासक तो दहाएक वर्षं पुढे नेतात. कसाही धरला तरी ज्ञानेश्वरीच्या, म्हणजे 1290 च्या, आधीचा.

भटोबासांना जे ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं. पण ते काही चोवीस तास स्वामींजवळ नव्हते. मग म्हाइंभट ज्याच्यासमोर जो प्रसंग घडला त्याच्याकडे जाऊन विचारू लागले. ऐकीव नको, पाहिलेलं सांगा. स्वामी नेमकं काय म्हणाले? कुठे बसले होते? त्या वेळी आणखी कोण होतं? आज आपण ज्याला मुलाखती घेणं म्हणतो ते हेच. फरक इतकाच की रेकॉर्डर नव्हता आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी जायचं होतं.

आता सुरुवातीच्या सशाकडे येऊ. लीळाचरित्राचे तीन भाग आहेत : एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. एकांक म्हणजे स्वामी एकटे होते त्या काळातल्या लीळा. सशाची गोष्ट तिथली. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे शिष्य जमल्यानंतरचे, म्हणजे पाहणारे डोळे सोबत होते तेव्हाचे. मग एकांक आला कुठून? स्वामींनी स्वतः नंतर कधी बोलता बोलता बाइसांना, भटोबासांना, महदाइसांना सांगितलं त्यातून. आणि ग्रंथ हे लपवत नाही. भागाचं नावच सांगतं की इथे साक्षीदार नाही, हे सांगणाऱ्याच्या तोंडचं आहे. नंतरची कितीतरी संतचरित्रं मी वाचली आहेत, आईच्या पोटातल्या प्रसंगापासून सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगणारी. म्हाइंभटांचा हा साधा विभागणीचा प्रामाणिकपणा तिथे क्वचितच दिसतो.

बोलण्याची नोंदही तशीच. चक्रधर स्वतःला ‘मी’ म्हणत नसत. ‘एथ’ म्हणत, म्हणजे ‘इथे’. ‘एथौनि’ असं झालं, ‘एथीचे’ असं आहे. मी-पण टाळायची ही त्यांची लकब, आणि लिहिणाऱ्याने ती जशीच्या तशी ठेवली. दुसरा कोणी असता तर त्याने ‘स्वामी म्हणाले, मी...’ असं सरळ करून टाकलं असतं. शिष्यांचे आपापसातले रुसवे, बाइसांचा फटकळपणा, कुणाची भूक, कुणाची चूक, सगळं आत आहे. यादवकाळातल्या मराठी माणसाच्या घरात काय शिजायचं, तो भांडताना कसा बोलायचा, हे पाहायला याच्याइतकी दुसरी खिडकी नाही. चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं ही आपल्या सगळ्यांची पहिली गोष्टसुद्धा इथे चक्रधरांच्या तोंडी आहे, फक्त चिऊच्या जागी साळई आहे.

आणि प्रश्न विचारणाऱ्या बायका. महदाइसा या त्यात सगळ्यांत पुढे. त्यांना मराठीची आद्य कवयित्री म्हणतात ते ‘धवळ्यां’मुळे, म्हणजे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाच्या गाण्यांमुळे. पण मला त्यांचं खरं मोठेपण वाटतं ते अखंड विचारत राहण्यात. स्वामी काही प्रवचनाला बसत नसत. कुणीतरी विचारायचं आणि मग ते बोलायचे. म्हणजे त्यांच्या विचारांतलं बरंचसं आपल्यापर्यंत आलं ते कुणाच्या तरी शंकेवर स्वार होऊन. स्त्रियांना मोक्षाचा अधिकार आहे का, या वादावर त्यांचा टोला प्रसिद्ध आहे : पुरुषांचा तो जीव आणि बायकांची काय जीवुली? विटाळाबद्दल बोलताना ते म्हणतात की नाकाला शेंबूड येतो, डोळ्यांना चिपडं येतात, तसाच हाही शरीराचा एक स्राव आहे, त्यात अपवित्र ते काय? तेराव्या शतकात! आजही काही घरांत हे मोठ्याने वाचून दाखवायचं म्हणजे धाडसच आहे.

लीळा गोळा झाल्या, पण एक अडचण उरली. साधकाला रोजच्या चिंतनासाठी एवढा मोठा ग्रंथ उलगडत बसणं अवघड. केसोबास म्हणजे केशिराज नावाच्या शिष्याने यातून स्वामींची वचनं वेगळी काढली आणि विषयवार लावली. तो सूत्रपाठ. स्वामींनी दिलेल्या उदाहरणांचा वेगळा ग्रंथ केला, तो दृष्टान्तपाठ. त्यात 114 दृष्टान्त आहेत, आणि रचना मोठी सुबक आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे व्यवहारातली छोटी गोष्ट, आणि मग दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा अर्थ. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट यात आहे. ज्याचा हात पायाला लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, कान धरला त्याला सुपासारखा, सोंड धरली त्याला मुसळासारखा. डोळस माणूस मात्र अख्खा हत्ती पाहतो. खांब, सूप, मुसळ : उपमासुद्धा घरातल्या आणि अंगणातल्या.

हे केसोबास संस्कृतचे जाणकार. त्यांना संस्कृतात लिहायची इच्छा होती. भटोबासांनी थांबवलं : ‘नको गा केशवदेया : येणे माझिया स्वामीचा सामान्य परिवारु नागवैल की.’ संस्कृतात लिहिलंत तर माझ्या स्वामींचा साधा परिवार नागवला जाईल. ‘नागवैल’ हा शब्द पाहा. लुटला जाईल! आठवणी ज्यांच्या होत्या, त्यांच्याच हातून त्या काढून घेतल्यासारखं होईल. दुसऱ्या एका प्रसंगी तर त्यांनी पंडितांना सरळच सुनावलं : ‘तुमचा अस्मात् कस्मात् मी नेणे गा : मज श्रीचक्रधरे निरूपिली मऱ्हाटी : तियाचि पुसा.’ मला मराठीत सांगितलंय, मराठीतच विचारा.

सूत्रांचा एक धोका असतो. वाक्य प्रसंगापासून तोडलं की कुणीही कुठेही वापरतं. ‘महाराष्ट्री असावे’ हे चक्रधरांचं सूत्र महाराष्ट्र दिनाच्या भाषणांत हमखास येतं. त्याच्याच जोडीचं आहे : ‘कन्नड देशा तेलंग देशा न वचावे.’ दोन्ही एकत्र वाचली तर वाटेल, सीमाप्रश्नावरचा फलकच! पण हे संन्याशांसाठीच्या आचारधर्मातले नियम आहेत. तिकडे जाऊ नये, कारण ते विषयांनी भरलेले देश आहेत, साधकाचं चित्त तिथे गुंतेल, अशी भूमिका आहे. इतर नियमही त्याच धर्तीचे : एका जागी मुक्काम वाढवू नका, भिक्षा मागून खा, ओळखी आणि मान वाढेल अशा ठिकाणी राहू नका. मराठी अस्मितेचा त्यात शोध घेणं म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीत कविता शोधण्यासारखं. पंथालाही हा धोका जाणवला असावा, कारण कुठलं सूत्र कोणत्या प्रसंगी, कुणाला उद्देशून आलं हे सांगणारा ‘प्रकरणवश’ नावाचा वेगळा ग्रंथप्रकारच तयार झाला. वाक्य पाठ करायचं, पण त्याच्या पाठीमागची लीळा सोडायची नाही.

मग आठवण्याच्या आणखी तऱ्हा निघाल्या. गोविंदप्रभूंचं चरित्र म्हाइंभटांनीच लिहिलं. बाइदेवबासांच्या ‘पूजावसरा’त स्वामींची दिनचर्या आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत. ‘मूर्तिप्रकाशा’त त्यांच्या रूपाचं वर्णन. आणि माझी सगळ्यांत आवडती ‘स्थानपोथी’. स्वामी ज्या ज्या गावी थांबले तिथल्या जागांची ही नोंद. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, मठ कुठे, आसन कोणत्या बाजूला. अशा जागांवर पंथाने ओटे बांधले. पैठण, डोमेग्राम, रिद्धपूर, जाळीचा देव अशा ठिकाणी गेलात तर दिसेल की लोक ओट्यावर डोकं टेकवतात. बाहेरच्या माणसाला तो नुसता चौथरा वाटतो. त्यांच्यासाठी तो एका आठवणीचा पत्ता असतो.

पुढे भटोबासही गेले. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ झाला, ‘स्मृतिस्थळ’. म्हणजे ज्यांनी स्वामींना आठवलं त्यांना आता पुढची पिढी आठवू लागली. वर दिलेली भटोबासांची वाक्यं याच प्रवाहातून आपल्याकडे आली आहेत. या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर अ‍ॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी केलं, त्याला नाव दिलं ‘इन द अ‍ॅब्सेन्स ऑफ गॉड’. असन्निधानाला इतकं नेमकं नाव दुसरं सुचणं कठीण.

इथपर्यंत सगळं सुरळीत. पुढे घात झाला.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीवर खिलजींच्या फौजा येत होत्या. परंपरेत याला ‘खालशाची धाड’ म्हणतात. पंथातली माणसं पोथ्या घेऊन पळाली, काही कोकणाच्या बाजूला उतरली, आणि त्या धावपळीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. म्हाइंभटांच्या पायपिटीचं सगळं फळ एका फटक्यात नाहीसं. पण स्मरण हीच ज्यांची साधना, त्यांच्याकडे आणखी एक प्रत होती. हिराइसा नावाच्या शिष्येला लीळा मुखोद्गत होत्या. तिच्या आठवणीतून पाठ सिद्ध झाला, तो हिराइसेचा पाठ. परशरामबास, रामेश्वरबास अशा इतरांनीही आपापल्या आठवणीतून पाठ तयार केले. आधी तोंडी असलेल्या आठवणी कागदावर गेल्या, कागद हरवला, त्या परत तोंडी आल्या आणि परत कागदावर गेल्या.

साहजिकच पाठांमध्ये फरक पडले. एका पाठात गावाचं नाव एक, दुसऱ्यात दुसरं. एकात स्वामींचं वाक्य लांब, एकात आखूड. अशा वेळी संपादक काय करतो? एक ‘बरोबर’ ठरवतो, बाकी खोडतो. महानुभावांनी खोडलं नाही. ‘ऐसी एकी वासना’ असं म्हणून दुसरा पाठही नोंदवून ठेवला. वासना हा इथे त्यांचा पारिभाषिक शब्द, अर्थ पाठभेद. हा शब्द मला फार आवडतो. पाठभेद म्हटलं की चूक असल्यासारखं वाटतं. वासना म्हटलं की तो कुणाच्या तरी मनात रुजून राहिलेला ठसा होतो. चूक असेलही, पण ती आठवणाऱ्याची आहे, तेव्हा परस्पर पुसायचा अधिकार आपल्याला नाही.

त्यानंतर मात्र पंथाने स्वतःच दारं लावून घेतली. पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात झाली. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंक लिपी अशा कितीतरी. सकळ लिपी सगळ्यांत जास्त वापरातली, रवळोबासांच्या नावावर सांगतात. तत्त्व सोपं आहे : एका अक्षराच्या जागी ठरवलेलं दुसरं अक्षर. उदाहरणापुरतं सांगायचं तर ‘क’च्या जागी ‘म’ आणि ‘म’च्या जागी ‘क’ लिहायचं ठरलं, तर ‘कमळ’ हा शब्द ‘मकळ’ होईल. पूर्ण वर्णमालेला असं केलं की किल्ली नसलेल्याला पानभर नुसता गोंधळ दिसतो. पवित्र वचनं अनधिकाऱ्याच्या हाती पडू नयेत आणि त्यांत फेरफार होऊ नयेत, हा हेतू. भटोबासांनी ‘सामान्य परिवारु नागवैल’ म्हणून संस्कृत नाकारलं, आणि त्यांच्याच वारसांनी मराठीला असं कुलूप लावलं. हेतू समजू शकतो. पण नागवला गेला तो सामान्य मराठी वाचकच, असं माझं मत आहे.

परिणाम दोन झाले. एक, मराठी गद्याची एवढी तेजदार सुरुवात पुढच्या लेखकांना दिसलीच नाही. कितीतरी शतकं मराठी माणूस ओवी-अभंगातच बोलत राहिला आणि गद्य बखरींत पुन्हा नव्याने जुळवावं लागलं. दुसरा परिणाम जास्त बोचरा आहे. बंद दाराआड काय चालतं हे ठाऊक नसलं की लोक काहीही कल्पना करतात. ‘मानभावी’ हा शब्द आपण वरवर गोड आणि आतून ढोंगी अशा माणसाला सहज लावतो. तो ‘मानभाव’वरून आला, आणि मानभाव म्हणजे महानुभावच. ज्यांनी आपल्या गुरूचा ‘एथ’सुद्धा बदलला नाही, त्यांच्या नावावरून भाषेने ढोंगीपणाला शब्द केला. मला हे समजल्यापासून तो शब्द तोंडात आला की जीभ अडखळते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कोडं सुटलं. वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली, काही महंतांनीही पोथ्या दाखवायला सुरुवात केली. वि. ल. भावे आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी हे वाङ्मय लोकांपुढे आणलं. 1930 च्या दशकात ह. ना. नेने यांनी नागपुरातून लीळाचरित्र भागाभागाने छापलं. पुढे शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या आवृत्त्या आल्या. कोलत्यांच्या आवृत्तीतल्या काही मजकुरावरून पंथीयांचा आणि अभ्यासकांचा मोठा वादही झाला. तो होणारच होता. एकासाठी ते ऐतिहासिक साधन, दुसऱ्यासाठी रोजच्या साधनेचं अन्न. दोघंही आपापल्या जागी काटेकोर, पण त्यांचे काटे वेगवेगळे. अलीकडे रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे, आणि 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही या ग्रंथाचं नाव पुन्हा सगळीकडे घेतलं गेलं.

कुणाला वाचायचं असेल तर माझा एकच अनुभव सांगतो. मनात वाचू नका. मोठ्याने वाचा. ‘गोसावी बीजें केलें’ हे डोळ्यांना अडतं. गोसावी म्हणजे स्वामी आणि बीजें केलें म्हणजे गेले, एवढं ठाऊक झालं की कान बाकीचं सांभाळून घेतात. दहाबारा लीळा झाल्या की तीच वळणं परत येतात. आणि एका बैठकीत खूप वाचू नका. हे एकसलग वाचायसाठी लिहिलेलंच नाही.

आमच्या आळीत एक महानुभावी आजी राहायच्या. नमस्काराला ‘दंडवत’ म्हणायच्या. पहाटे ओसरीत डोळे मिटून बसलेल्या दिसायच्या. लहानपणी आम्हाला वाटायचं, झोप पुरी करतायत. एकदा मी विचारलंच, आजी, काय करता हो? तर म्हणाल्या, ‘स्वामींबरोबर चालते. आज पैठणहून निघालोय.’ रोज काही लीळा मनात आठवत त्या गावामागून गाव चालल्या होत्या, आणि ती वाट संपली की पुन्हा पहिल्यापासून.

सशाची गोष्टही पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकली होती. त्यांच्या गोष्टीत ससा थोडा पुढे जाऊन थांबायचा आणि एकदा मागे वळून बघायचा. पुढे कॉलेजात छापील प्रत हाती आली, तेव्हा मी मुद्दाम ते शोधलं. नव्हतं. सुट्टीत घरी गेलो आणि मोठ्या शहाणपणाने त्यांना सांगितलं, आजी, पुस्तकात ससा मागे बघत नाही.

आजींनी चष्मा काढला, पदराने पुसला. ‘नसेल बघत,’ म्हणाल्या. ‘ती छापलेली वासना. आमची ही.’